एकास पस्तीस

मी आयुष्यात एकदाच युद्धात उतरलो आणि एका म्हाताऱ्या फौजी माणसाला कायमचं गप्प केलं. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, देवाला तर नाहीच. त्याच्याशी माझं फारसं बोलणं नसतं. युद्धाचं प्रमाण मात्र एकास पस्तीस होतं. म्हणजे खऱ्या जगात जे पस्तीस फूट, ते माझ्या टेबलावर एक फूट.

मी प्लास्टिकचे रणगाडे जोडतो. खोक्यात चौकटींना चिकटलेले शेकडो सुटे भाग येतात. ते कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे. आणि सगळं नवंकोरं, देखणं झालं की ते जुनं करायचं. गंज चढवायचा, रंग उडवायचा, धूळ बसवायची. रायपूरला यातली निम्मी सोय फुकट आहे. समता कॉलोनीतल्या माझ्या खिडकीच्या चौकटीवर कारखान्यांची काळी भुकटी रोज सकाळी येऊन बसते. ती मी ब्रशने गोळा करून डबीत भरतो. चिखलासाठी अभनपूरच्या रस्त्याकडेचा मुरूम आणतो आणि चहाच्या गाळणीतून चाळतो. गाळणीबद्दल घरात एकदा बोलणी झाली, पण ती कबुली वेगळी.

मी ज्यांच्याबद्दल सांगतोय ते माझे सासरे. मामाजी. शंकर नगरला मुलाकडे राहायचे. तरुणपणी फौजेत होते, रणगाड्यांच्या पलटणीत, आणि एकाहत्तरच्या लढाईत त्यांनी स्वतः रणगाडा चालवला होता, हे आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांना पाठ होतं. उसाचं शेत, समोर कालवा, मागे फिरायचा हुकूम — आणि मामाजींनी गाडी पुढे काढली. दर सव्वीस जानेवारीला आमच्या मराठी मंडळात झेंडावंदन झालं की ते ही गोष्ट सांगत. नातवंडं हिंदीत म्हणायची, "नानाजी, टैंक वाली सुनाइए ना," आणि ते मराठीत सांगायचे. कालवा दरवर्षी थोडा रुंद व्हायचा. शाल, नारळ, टाळ्या. मला या तिन्ही गोष्टींचा जरा त्रासच होतो. मी मागच्या खुर्चीत बसून कालव्याची रुंदी मनात मोजत असे.

आणि ते मला चिडवायचे. हे सांगायला हवं ना? की सांगितलं की सबब होईल? बारसं असो, साखरपुडा असो, माझी ओळख ते एकाच वाक्यात करून द्यायचे. "हे आमचे जावईबापू. हेही टँकातच असतात, पण खेळण्यातल्या." मग सगळे हसायचे. मीही हसायचो. जावयाने सासऱ्याच्या विनोदाला हसायचं असतं. आमच्याकडे मान जावयाचा, पण विनोद सासऱ्याचा. मला वाटायचं, मी विसरलोय. विसरलो नव्हतो.

एका वर्षी मंडळाने मामाजींचा सत्कार करायचं ठरवलं. माझी बायको सुनंदा म्हणाली, बाबांसाठी त्यांच्या टँकची प्रतिकृती कर ना. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या छंदातलं तिने काही मागितल्याची ती पहिलीच वेळ. मी सेंच्युरियनचा संच मागवला. मामाजींच्या गोष्टीत त्याच रणगाड्याचं नाव असायचं.

आता आम्हा मॉडेलवाल्या लोकांची एक खोड आहे. आम्ही रणगाड्यांचे आराखडे बघतो, जुने फोटो बघतो आणि खरा माणूस सापडला की त्याला पिळून काढतो. आतला रंग कोणता होता? झाकण कसं उघडायचं? हातोडा कुठे बांधलेला असायचा? एका स्क्रूवरून आम्ही महिनाभर भांडू शकतो. मी एका रविवारी दुपारी कागद-पेन्सिल घेऊन शंकर नगरला गेलो. मामाजी खाटेवर पेपर वाचत होते, हातात नेहमीचं भिंग. मी विचारलं, चालकाची जागा डावीकडे की उजवीकडे?

ते म्हणाले, डावीकडे.

मी म्हणालो, आराखड्यात उजवीकडे दाखवलीय. ते म्हणाले, हो हो, उजवीकडेच, किती वर्षं झाली. मी विचारलं, डोक्यावरचं झाकण एका पल्ल्याचं की दोन? बसल्यावर समोर काय दिसायचं? गिअर कोणत्या हाताला? प्रामाणिकपणे सांगतो, तोपर्यंत मला शंकाही नव्हती. मला फक्त गिअर हवा होता.

मामाजींनी भिंग खाली ठेवलं. दाराकडे एकदा पाहिलं.

"काहून इतकं विचारून राहिले जी तुम्ही," ते म्हणाले. "मी नाही बसलो त्यात कधी. मी लंगरात होतो. आचारी होतो मी."

लंगर म्हणजे फौजेचं स्वयंपाकघर. स्वयंपाकघरातून सुनेने भांडी लावल्याचा आवाज येत होता. मामाजी आणखी थोडं बोलले, मग म्हणाले, "सुनंदाले नका सांगू." मी त्यांना शब्द दिला. म्हणालो, मामाजी, हे माझ्यापाशीच राहील.

आणि मी तो शब्द पाळला, हेच तर माझं दुखणं आहे. मी कोणालाही सांगितलं नाही. मी रंगवलं.

कसं सुचलं? आधी वाटलं, नुसता रणगाडा बरा दिसणार नाही, खाली थोडी जमीन हवी. मग वाटलं, जमिनीवर एखादं झाड हवं. मग झाडाखाली एक भट्टी. ती शर्टाच्या बटणाची केली. भट्टीवर डेग, पलटणीला पुरेल एवढं पातेलं. आणि मग डेगीपाशी कोणीतरी हवंच ना? जास्तीचे पुतळे माझ्या डब्यात पडलेले असतात. त्यातल्या एकाचे हात कापून पुट्टीने नवे केले. एक हात कमरेवर — मामाजी उभे राहायचे तसा, कोपर जरा मागे काढून. दुसऱ्या हातात झारा, उंच धरलेला. तांब्याच्या तारेचं टोक हातोडीने चपटं केलं की झारा होतो. टिश्यू पेपर पातळ गोंदात बुडवून कमरेला फडकं बांधलं. शेवटी, एका केसाच्या ब्रशने, श्वास रोखून, मिशी. मामाजींची, दोन्ही टोकं वर वळलेली. पुतळा बोटाच्या दोन पेरांएवढा असतो. मिशी किती असेल, तुम्हीच ठरवा. माझ्या हातून इतकं चांगलं काम आधी झालं नव्हतं. नंतरही नाही.

चालकाच्या जागेचं झाकण मी उघडं ठेवलं. उजवीकडे. आत कोणी नाही.

मी स्वतःला सांगत होतो की हा आमच्या दोघांतला विनोद आहे. कोणाला कळणारही नाही. आणि शिवाय — हे वाक्य मला फार आवडलं होतं — प्रतिकृती खरी असावी लागते. रणगाड्याचा एक स्क्रू खोटा असलेला मला चालत नाही, मग माणूस कसा चालेल? सज्जनपणे बोललेली ही वाक्यं किती कामाची असतात, नाही?

सत्काराच्या दिवशी प्रमुख पाहुणे ठरल्यापेक्षा बरेच उशिरा आले. त्यांनी शौर्यावर भाषण केलं, त्यात माझ्या सेंच्युरियनला तोफ म्हणाले आणि काचेच्या पेटीवरचं मखमली कापड ओढलं. टाळ्या झाल्या. अध्यक्ष मामाजींना म्हणाले, बघा, तुमचा टँक. मामाजी उठले, पेटीपाशी आले. हसत होते. त्यांनी सवयीने खिशातून भिंग काढलं.

ते वाकले आणि तोफेच्या नळीपासून पाहायला सुरुवात केली. बुरूज पाहिला. उघडं झाकण पाहिलं — तिथे जरा थांबले. मग भिंग हळूहळू झाडाकडे सरकलं. मी स्टेजच्या खाली पहिल्या रांगेत होतो. भिंगातून त्यांचा एक डोळा मोठा दिसत होता. तो डोळा बराच वेळ तसाच राहिला. लोकांना वाटलं, म्हातारबुवांना भरून आलं. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. सुनंदा शेजारी रडत होती, आनंदाने. तिने माझा हात घट्ट धरला होता.

मामाजी सरळ झाले. भिंग पुसून खिशात ठेवलं. कोणीतरी माईक पुढे केला.

"फार बारीक काम करतात आमचे जावई," ते म्हणाले, आणि जागेवर जाऊन बसले.

त्या दिवशी गोष्ट झाली नाही. लोक म्हणाले, भारावले. पुढच्या वर्षी ते मंडळात गेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. नातवंडांनी मागे लागून पाहिलं, तर म्हणायचे, ती काय पेटी ठेवली आहे, पाहा. पेटी त्यांच्या खोलीत टीव्हीच्या शेजारी होती. त्यांनी ती लपवली नाही, फोडली नाही. काच रोज स्वतः पुसायचे. मला ते पुन्हा कधी खेळण्यातल्या टँकांवरून बोलले नाहीत. मला जावईबापू म्हणायचे, चहा घ्या म्हणायचे, पंखा माझ्याकडे फिरवायचे. ओरडले असते तर... पण तेही मी स्वतःसाठीच मागतोय.

मी दर रविवारी जात होतो. पेटीला कुलूप नव्हतं. चिमटा माझ्या खिशात असतोच. पुतळा उचलायला किती वेळ? पण मी बसून राहायचो आणि विचार करायचो की उचलला तर मुरमावर दोन पावलांचे ठसे राहतील आणि काम अर्धवट दिसेल. खरंच, हाच विचार करायचो. तोंडाने माफी मागायची तर एक वाक्य पुरलं असतं. मी त्यांच्याशी क्रिकेटबद्दल बोलायचो.

आणि मघाशी मी एक गोष्ट गाळली. बघा, इथे एकट्याने लिहितानाही गाळली. "मामाजी आणखी थोडं बोलले" असं म्हणून मी पुढे सरकलो. ते काय बोलले ते हे. रणगाड्याचा एक चालक होता, आमच्याच भंडाऱ्याकडचा पोट्टा. लंगरात येऊन यांच्याजवळ बसायचा, कारण मराठी बोलायला दुसरं कोणी नव्हतं. उसाचं शेत, कालवा, पुढे काढलेली गाडी — ते त्याने जेवता जेवता मामाजींना सांगितलं होतं, आणखी वाढून घेत. दुसऱ्या दिवशी तो जेवायला आला नाही. "त्याले सांगाले कोणी राहिलं नाही," मामाजी म्हणाले. "मंग मीच सांगत गेलो. पहिले त्याचं नाव घेऊन सांगायचो. लोकं ऐकत नव्हते जी. मीच चालवली म्हणून सांगितलं का मंग ऐकायचे."

हे सगळं मला मिशी रंगवण्याच्या आधी माहीत होतं.

त्या पोट्ट्याचं नाव मामाजींनी मला सांगितलं होतं. मला आठवत नाही. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो, पण लिहून घेतलं ते झाकणाचं माप. गोष्ट सांगणारं आता कोणी नाही. म्हणजे सुरुवातीला मी एका माणसाला गप्प केलं असं म्हणालो, तो आकडाही चुकला.

मामाजी गेले. मागे जे थोडं होतं त्यातून सुनंदाने फक्त ती पेटी मागून घेतली. आता ती आमच्या बैठकीत आहे. आलेल्या पाहुण्यांना ती सांगते, बाबांचा टँक, यांनी बनवला, बाबांना इतका आवडला की बोलताच आलं नाही. मी पाणी आणायला आत जातो.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत तिने पेटीची काच काढली तेव्हा मी बाजारात होतो. परत आलो तर ती खुशीत होती. म्हणाली, धक्का लागून बाबा सुटले होते, खाली पडले होते, पण बसवले मी बरोबर. मिशीवरून आणि कमरेवरच्या हातावरून तिने त्यांना लगेच ओळखलं होतं. इतकी वर्षं ते झाडाखाली असल्याचं तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

मी चष्मा लावून पाहिलं. झाडाखाली भट्टी आहे, डेग आहे, मुरमावर दोन पावलांचे ठसे आहेत. मामाजी उजवीकडच्या झाकणातून कमरेपर्यंत बाहेर उभे आहेत, फडक्यासकट. कोणताही चालक असा उभा राहून रणगाडा चालवत नाही, आणि ते थोडे कललेलेही आहेत. वर धरलेल्या हातात काही नाही. मी विचारलं, हातात काहीतरी होतं ना?

"तो गिअर का काय होता, तो तोफेला अडत होता," सुनंदा म्हणाली. "नेलकटरने कापला."

तुकडा फरशीवर सापडला. मी तो डबीत ठेवला आहे. तांब्याची तार आहे, पुढच्या मॉडेलला कामी येईल.