उपासनेआधी दादा वाजवायचा

माणूस गेला की घरी येणारा प्रत्येक जण त्याची एक गोष्ट ठेवून जातो. शमुवेलदादाला जाऊन महिना व्हायचाय, आणि आमच्या ओसरीवर किश्शांचा ढीग झालाय. दादा सोलापुरातल्या आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. लोक सांगतात, हसतात, मीही हसतो. मग कुणीतरी विचारतं, "आता त्याच्या जागी कोण बसणार?" तिथं माझं हसू जातं.

*

उपासनेच्या आधी जे वाजवतात त्याला प्रेल्यूड म्हणतात. विलायतेतल्या कंपोजरांची पुस्तकं पाद्रीसाहेबांनी दादाला दिली होती. माझी शाळा तिसरीतच सुटली, पण दादानं ती माणसं मला शेजाऱ्यांसारखी ओळखीची करून दिली. एकाचं चार आवाजांचं प्रेल्यूड वाजवून म्हणाला, "ह्याच्या घरात लेकरं लई असणार बघ. एक बोलाय लागलं की दुसरं मधीच तेच बोलतंय. अन् बाप गप बसून लिवतोय."

*

एकदा ऑर्गनच्या भात्याचं कातडं उंदरांनी खाल्लं. पाण्याच्या मशका शिवणाऱ्या रसूलचाचानं बकरीचं कातडं लावून भाता नीट केला. रविवारी चाचा दाराबाहेर उभा. आत प्रेल्यूड सुरू झालं तसा टांगेवाल्याला म्हणाला, "चुप रहो. मेरी बकरी गा री है."

*

एका रविवारी दादानं पुस्तक उघडलंच नाही. नंतर पाद्रीसाहेबांनी विचारलं, "शमुवेल, आज कोणाचे वाजवले?"

"आमच्या आईचं, साहेब. दळताना म्हणती."

"ती संगीत कुठे शिकली?"

"केमला. जात्यावर."

पुढच्या रविवारी साहेबांनी मंडळीला सांगितलं, "आजचे प्रेल्यूड केमच्या एका बाईचे आहे."

आई मागच्या बाकावर होती. शेजारणीला म्हणाली, "कोण गं ती? आमच्याच गावची हाय की."

*

मग दादाच्या पायातलं बळ गेलं. ऑर्गनच्या फळ्या पायानं दाबल्याशिवाय आवाज निघत नाही. पाद्रीसाहेब म्हणाले, "आता आराम करा." दादाचं तोंड मला बघवेना. कुणाला न विचारता मी बाकावर त्याला खेटून बसलो आणि फळ्या दाबायला लागलो. जोरात.

दादा पुटपुटला, "हळू रं. सायकल न्हाय ती."

हात त्याचे, पाय माझे, असं पावसाळाभर चाललं. चुकलो की कोपर बसायचं.

*

गेल्या रविवारी पाद्रीसाहेबांच्या मडमसाहेब वाजवायला बसल्या. मी जाणार नव्हतो, आईनं ओढत नेलं. त्यांनी पुस्तक उघडून सुरू केलं. बरोबर वाजवत होत्या. मला बसवेना. उठलो, सगळ्यांच्या देखत पुढं गेलो आणि बाकावर त्यांच्या शेजारी बसलो. मागून आई "अरं, अरं" म्हणत होती.

मडमसाहेबांनी माझ्याकडं बघितलं नाही. हात चालूच ठेवले. झगा थोडा सावरला आणि फळ्यांवरचे आपले दोन्ही पाय काढून घेतले.