उत्तरपूजा न झालेली बंदूक

अमेरिकेत बंदुकांवरून वाद निघाला की मी हल्ली गप्प बसतो. आमच्या मराठी मंडळींच्या जेवणात हा विषय गोड पदार्थाच्या आधी येतोच. एकजण घटनेतलं कलम काढतो, दुसरा शाळकरी मुलांचं काय ते विचारतो, आणि पुऱ्या गार होईपर्यंत कुणीही तसूभर हटत नाही. मलाही एके काळी मत होतं आणि ते मी तावातावाने मांडत असे. ते मत माझ्यापुरतं कसं संपलं, एवढंच इथे लिहितो.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात राहत होतो. मी पीएच.डी. करत होतो. लग्नाला दोन वर्षं झाली होती. बायको नागपूरची, व्हिसा असा की तिला नोकरी करता येत नव्हती. एका म्हाताऱ्या घरमालकाच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला होता. तो खाली राहायचा. सत्तरीचा, उंच, गुडघ्यांनी अधू, बोलायला कमी. आम्ही आल्याच्या पुढल्या एप्रिलमध्ये त्याची बायको वारली. मुलगी ओहायोत असायची.

माझी बायको त्याला आजोबा म्हणायची. पहिल्याच महिन्यात तिने त्याला या शब्दाचा अर्थ सांगून टाकला होता. मुलीला मूलबाळ नसल्यामुळे त्याला कुणी तसं म्हणणारं नव्हतं. तो खूश झाला. ती त्याला वरणभात खाली नेऊन द्यायची, तो तिला आपली जुनी स्टेशन वॅगन चालवायला शिकवायचा. मला या देवाणघेवाणीत काही काम नव्हतं. भाडं देण्यापुरता मी होतो.

ऑगस्टमध्ये त्याच्या मुलीचा फोन आला. नंबर तिला आईनेच कधीतरी देऊन ठेवला होता. बाबा फोनवर दोनदा म्हणाले, की आता मागे राहून करायचं काय. आईच्या अंत्यविधीला आली तेव्हा घरातली दोन पिस्तुलं तिने भांडून नेली होती, पण रायफल द्यायला ते तयार झाले नाहीत. ती त्यांच्या वडिलांची होती आणि ती घेऊन ते दर वर्षी हरणाच्या शिकारीला जायचे. काही युक्ती करून तेवढी रायफल त्यांच्या खोलीतून बाहेर काढता येईल का, असं ती मला विचारत होती.

मी म्हटलं, आम्ही भाडेकरू. घर त्यांचं, वस्तू त्यांची, आम्ही कोण? माझे वडील कोर्टात कारकून होते. ज्याच्या नावावर जे, ते त्याचं, हे मी पाटीवर अक्षरं गिरवायच्या आधी शिकलो असेन. शिवाय डिपार्टमेंटमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर एक शेतकऱ्याचा मुलगा बसायचा. सरकारने आज बंदूक मागितली तर उद्या घर मागेल, हा त्याचा मुद्दा मला बिनतोड वाटायचा. आमच्या शनिवारच्या जेवणात मी तोच मुद्दा मराठीत मांडून टाळ्या घेतल्या होत्या.

बायकोने माझ्या हातातून फोन घेतला आणि त्या मुलीला म्हणाली, बघते मी.

तिने काय बघितलं ते मला खंडेनवमीला कळलं. त्या दिवशी हत्यारांची पूजा, हे आमच्या दोघांच्याही घरी असायचंच. कपड्यांच्या खोलीवजा कपाटात टीव्हीच्या रिकाम्या खोक्यावर तिने धुतलेलं धोतर अंथरलं, त्यावर नागपूरहून सामानात आणलेली विळी, कात्री, सुऱ्या, माझा कॅल्क्युलेटर आणि एक स्क्रूड्रायव्हर मांडला. मग ती खाली गेली. ताकाला जाऊन भांडं लपवायचा तिचा स्वभाव नव्हता. पण त्या दिवशी तिने पुरेपूर लपवलं. आजोबांना तिने सांगितलं, की आज आमच्यात हत्यारांना विश्रांती देऊन त्यांची पूजा करतात, आणि आमच्या घरात तर सगळी स्वयंपाकघरातलीच हत्यारं. एक तरी खरं शस्त्र नको का?

म्हातारा हसला. एप्रिलनंतर मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं. त्याने आधी हातोडी आणि करवत वर पाठवली, आणि अर्ध्या तासाने स्वतः एकेक पायरी चढत रायफल घेऊन आला. तेलाने पुसलेली. आत गोळी नाही हे त्याने आम्हाला उघडून दाखवलं. नळीला हळदकुंकू लावू दिलं नाही, ओल धरून गंज चढतो म्हणाला. लाकडी दस्त्याला लावायला त्याची हरकत नव्हती. झेंडू त्याच्याच अंगणातले होते. ते त्याच्या बायकोने आदल्या वर्षी धरलेल्या बियांचे, आणि थंडीने अजून मारले नव्हते. आरती होईपर्यंत तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. मग शिरा खाल्ला आणि रायफल उद्या नेतो म्हणून खाली गेला.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी तो जिन्याशी आला तेव्हा बायकोने वरूनच सांगितलं, की अजून उत्तरपूजा व्हायची आहे; ती झाल्याशिवाय मांडलेलं हत्यार हलवता येत नाही.

हे खरं होतं. फक्त उत्तरपूजा म्हणजे अक्षता वाहून वस्तू जागची हलवायची, दोन मिनिटांचं काम. तिने ते लांबवलं. आधी तिथी बरी नव्हती. मग पिट्सबर्गच्या भटजींना विचारायचं होतं. मग भटजी भारतात गेले होते. विळी आणि सुऱ्या तिने तिसऱ्या दिवशी गुपचूप उचलल्या, नाहीतर आम्ही जेवलो कसे असतो? रायफल आमच्या कपड्यांच्या कपाटात खोक्यावर तशीच राहिली. रोज सकाळी आंघोळ झाली की ती तिला एक फूल वाहायची आणि उदबत्ती ओवाळायची. पूजा चालू आहे असं सांगते, तर निदान ती चालू तरी असावी, असा तिचा हिशेब.

मी चिडलो. देवाच्या नावावर तू खोटं बोलतेस, म्हटलं. ती भांडी विसळत होती.

"देवाला चालतंय," ती म्हणाली. "तुम्हाला काय होतंय?"

मला बरंच काही होत होतं. एका स्वतंत्र देशातल्या स्वतंत्र माणसाची, त्याच्या बापाची वस्तू आम्ही धर्माची थाप मारून दाबून ठेवली होती. त्याला खरंच काही करायचं असेल तर त्याला दुकानं मोकळी आहेत, हेही मी तिला सांगितलं. ती म्हणाली, दुकानापर्यंत जायचं तर गाडी काढावी लागते, आणि गाडी काढली की तो मला हाक मारतो. मी मुद्दा बदलला. असले वाद आमच्यात आठवड्यातून दोनदा तरी व्हायचे. आजोबा मधून मधून विचारायचे, तुमच्या देवाचं आटोपलं का, आणि ती नाही म्हणायची. ते मान हलवून आत जायचे.

नोव्हेंबरअखेरीच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या सोमवारी तिथे हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस असतो. त्या दिवशी गावातल्या शाळांनाही सुट्टी. आदल्या दिवशी, रविवारी, बायको एका मैत्रिणीच्या गाडीतून वाणसामान आणायला गेली होती. मी परीक्षेचे पेपर तपासत होतो. आजोबा वर आले. अंगात शिकाऱ्यांचं नारिंगी जाकीट. बारा वर्षांचा होतो तेव्हापासून एकही पहिला दिवस चुकवलेला नाही, असं त्यांनी सांगितलं. दर वर्षीचा सोबती फ्लोरिडाला राहायला गेला होता, तेव्हा यंदा एकटेच जाणार होते. टोपी काढून, स्वतःच्याच घरात, एका भाडेकरूपुढे उभे राहून ते आपली वस्तू मागत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी कपाट उघडलं. हात धुतले, अक्षता घेतल्या, वाहिल्या, येत होते ते दोन शब्द म्हटले आणि रायफल जागची हलवली. सगळं रीतसर. त्यात मला समाधानही वाटलं, हे आता लिहायला लाज वाटते.

त्यांनी ती लगेच घेतली नाही. "तिने सांगितलंय का द्यायला?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

एवढं कशाला विचारायचं, असं मला वाटलं होतं. त्यांनी मान हलवली, रायफल घेतली आणि कठड्याला धरून खाली गेले.

बायको आली, पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि कोट ठेवायला कपाट उघडलं. ती ओरडेल म्हणून मी तयारीत होतो. ती ओरडली नाही. खाली जाऊन दार वाजवून आली. स्टेशन वॅगन नव्हती. पहाटे गाड्यांच्या रांगेत थांबायला नको म्हणून शिकारी आदल्या संध्याकाळीच डोंगरातल्या लाकडी खोपटांत जाऊन राहतात, हे तिला त्यांनीच सांगितलेलं होतं. कुठलं खोपट ते आम्हाला ठाऊक नव्हतं. ओहायोला फोन करावा का, या विचारात ती बराच वेळ फोनपाशी बसून राहिली आणि मग उठली. काय सांगणार होती?

सोमवारी उजाडताच आवाज सुरू झाले. ते गाव दरीत आहे, दोन्ही बाजूंना डोंगर. पहिल्या दिवशी सगळीकडून बार ऐकू येतात. आदल्या वर्षी मला ते दिवाळीसारखे वाटले होते. मी लॅबमध्ये गेलो, दहा वाजता एक सर्किट उलटं जोडलं, साडेअकराला घरी परत आलो. बायको खिडकीत बसली होती. स्वयंपाक केलेला नव्हता.

"प्रत्येक आवाजाला म्हणते, हा त्यांचा नसू दे," ती म्हणाली. "आणि हरणाला मारला असेल तर असू दे, असंही म्हणते."

मी तिच्यासमोर बसलो. माणसाचा हक्क वगैरे मी पुष्कळ बोललो होतो; त्या दुपारी त्यातलं एक वाक्य मला आठवून पाहायचं होतं, म्हणजे धीर आला असता. आठवलं नाही. मला नुसती भीती वाटत होती. दीडच्या सुमाराला आवाज कमी झाले आणि ते जास्त वाईट वाटलं. तीननंतर पुन्हा सुरू झाले.

साडेचारला, अंधारायच्या जरा आधी, स्टेशन वॅगन आली. टपावर हरीण नव्हतं. बायको जिन्यापर्यंत धावली आणि तिथेच थांबली. आजोबा एकेक पायरी चढत होते, रायफल हातात. चेहरा थंडीने लाल झालेला. वरून तिसऱ्या पायरीवरच ते दम खायला बसले.

मग ते तिच्याशी बोलले, माझ्याशी नाही. दिवसभर एका झाडाच्या बुंध्याशी बसलो होतो, म्हणाले. हरणं दोनदा समोरून गेली. मी हरणांसाठी गेलो नव्हतो.

"तुला सगळं ठाऊक आहे, असं मला पहिल्यापासून वाटत होतं," ते म्हणाले. "तुझा देव इतके दिवस आटोपत नव्हता, ते मला बरं वाटायचं. काल तू द्यायला सांगितलंस हे ऐकलं, तेव्हा वाटलं, आता तिचीही हरकत नाही."

बायकोला ते नीट कळायला एक क्षण लागला. मला लागला नाही.

"मी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, रागावले असते तर बरं झालं असतं. मग परत का आलात, हे तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले, हात गार पडले. जाकिटाच्या खिशातून त्यांनी गोळ्या काढून तिच्या ओंजळीत ठेवल्या आणि रायफल तिच्यापुढे धरली. पुढे मी कितीही मागितली तरी देऊ नकोस, म्हणाले, देव आटोपला तरी.

ती जड होती आणि तिचा एक हात गोळ्यांनी भरलेला. मदतीला म्हणून मी पुढे झालो आणि हात केला. तिने रायफल छातीशी धरली, मला वळसा घालून आत गेली आणि कपाटाचं दार कोपराने उघडलं. माझ्या हातात तिने ती दिली नाही.