तात्यांनी निवडलेला मासा

"ह्यो द्या मला," तात्या म्हणाले आणि त्यांनी काचेवर बोट ठेवलं.

विक्रीच्या टँकमध्ये चांगले तरतरीत मासे होते. तात्या मात्र दुकानाच्या मागच्या बाजूला गेले होते. तिथल्या छोट्या टाकीत मी एक कोरल ब्यूटी वेगळा ठेवला होता. जांभळा-केशरी, बोटभर लांबीचा मासा. प्रवासात खचला होता. पोट आत गेलेलं, पंख मिटलेले.

"तात्या, तो विकायचा नाही. आजारी आहे."

"म्हणून तर मागतोय. दुसरं कोण नेणार त्याला?"

माझं शाहूपुरीत मत्स्यालयाचं दुकान आहे. खाऱ्या पाण्यातला मासा देताना मी गिऱ्हाइकासमोर त्याला खायला घालतो. खाण्यावर झडप घालणारा मासा अर्धा पास. मग डोळे स्वच्छ हवेत, श्वास संथ हवा, अंगावर ठिपके नकोत. हा मासा खातसुद्धा नव्हता.

तात्या वारणानगरचे. आयुष्यभर म्हशी पाळलेला माणूस. घरातला टँक त्यांच्या मुलानं, अजितनं, हौसेनं बसवलेला. तो नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि त्यातली क्लाउनफिश माशांची जोडी तात्यांच्या गळ्यात पडली. सुरुवातीला ते कुरकुरले. पुढं पुढं चहाचा कप घेऊन टँकसमोरच बसायला लागले. अजित दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचा आणि आधी जोडी बघायचा.

"म्या बाजारातनं कायम रोडकीच म्हस आणली," तात्या म्हणाले. "गोठ्यात उभी करून दाखवली. हे तर एवढंसं जित्राब हाय."

शेवटी मी तयार झालो, पण एका अटीवर. मासा आधी क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळ्या टाकीत राहील. मी सांगेपर्यंत जोडीजवळ सोडायचा नाही. टाकीसुद्धा मीच दिली.

तात्यांनी त्याचं मनापासून केलं. कोळंबी बारीक चिरून भरवली. काही दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज नुसता खुललेला.

"खातंय की वो! प्वाट बी भरलं."

"छान. पण अजून हलवू नका. जंतू अंगात असतो, आपल्याला दिसत नाही."

"व्हय, व्हय."

पुढचा फोन आला तेव्हा आवाज पडलेला होता. "जरा येऊन जा. जोडी वर येऊन धापा टाकत्या."

मी गेलो. कोरल ब्यूटी मोठ्या टँकमध्ये मजेत फिरत होता. दोन्ही क्लाउनफिशच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके.

"एकटं पडलं होतं वो," तात्या हळूच म्हणाले. "दिसभर काचंला तोंड लावून बसायचं. बघवंना मला."

टँकमध्ये औषध टाकता येत नव्हतं, त्यानं आतली प्रवाळं मेली असती. मी जोडी बाहेर काढून औषधाच्या पाण्यात ठेवली. उशीर झाला होता. एक संध्याकाळी गेला, दुसरा सकाळी.

"आणि ह्यो कसा जगला?"

"त्याला हा आजार आधीच होऊन गेला असावा. त्याचं अंग सरावलं. जोडीला त्या आजाराची सवय नव्हती."

औषधाच्या टाकीतलं पाणी तात्यांनी स्वतः नेऊन ओतलं.

रविवारी मी टँकचं पाणी बदलायला गेलो होतो, तेवढ्यात अजितचा कॉल आला. "तात्या, जोडी दाखवा बघू."

तात्यांनी फोन माझ्या हातात दिला. "तुम्हीच सांगा की त्याला."

मी सांगितलं, काही न लपवता. अजित म्हणाला, "तात्यांना द्या."

मी फोन परत दिला.

"तात्या, जेवलासा काय?"

पाठमोरे होऊन तात्या नुसती मान हलवत राहिले.

कोरल ब्यूटी अजून तिथंच आहे, धष्टपुष्ट. दुसरी जोडी आणायची तात्यांची तयारी नाही. आणि मी आता आजारी मासे गिऱ्हाइकांच्या नजरेला पडू देत नाही. निरोगी मासा कसा ओळखायचा, हे कुणालाही शिकवता येतं. आजारी माशाला नको कसं म्हणायचं, हे शिकवणं मला अजून जमलेलं नाही.