बाबांच्या गुडघ्यांची पावडर

पावडर तपासायला बाबांनीच दिली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर घरात जो तो मलाच विचारत होता, नसती उठाठेव करायला तुला सांगितलं होतं कोणी?

गोव्यात तुयेच्या औद्योगिक वसाहतीत आयुर्वेदिक औषधांचा एक कारखाना आहे, तिथली प्रयोगशाळा मी बघते. येणारी मुळं, साली, चूर्णं खरी की भेसळीची, ते ठरवणं हे माझं काम. बाबा हळर्णला घरी, गुडघ्यांनी बसवलेले. दोन चवथी झाल्या, मूर्ती घडवतात त्या चित्रशाळेतून आमचा गणपती शेजाऱ्यानं डोक्यावर घेऊन आणला आणि बाबा दारातल्या सोप्यावर बसून बघत राहिले. याहून मोठा अपमान त्यांना माहीत नव्हता. मग स्कूटरवरून फिरणाऱ्या एका माणसानं त्यांना ही ‘शुद्ध झाडपाल्याची’ पावडर दिली, आणि बाबा चालू लागले. चालू म्हणजे काय, धावायचेच बाकी होते! कुळागरात, माडापोफळींत जाऊन यायचे, सकाळी बेकरीच्या गरम उंड्यांवर ताव मारायचे. गाल भरून वर आले. शेजारीण चिडवायची, “चवथीआधीच गणपती इलो गो तुमच्या घरात!” आम्ही सगळे हसायचो. मीसुद्धा.

“तुझ्या मशिनीत घालून बघ गो बाय,” पुडी हातात देत बाबा म्हणाले, “नि शिक्को मारलेलो कागद दी. गावात आणखी चार जण गुडघे धरून बसले आसत, त्यांकाय गुण येवंदे. औंदा गणपती मीच आणतलंय.”

साहेबांना विचारून, दिवसाचं काम आटोपल्यावर मी ती तपासायला घेतली. सूक्ष्मदर्शकाखाली सुंठ दिसली, निर्गुंडीचं पान दिसलं. जाळल्यावर उरलेली राख प्रमाणात. मनातल्या मनात मी कागद टाईपसुद्धा करून टाकला. मग पावडरीतलं काय काय वेगळं होतं ते बघायला तिचा अर्क प्लेटवर चढवला आणि प्लेट अतिनील दिव्याखाली धरली. झाडपाला प्लेटवर चढतो तो एकात एक मिसळलेले फिकट डाग सोडत. इथे त्या डागांच्या मधोमध एक ठिपका होता, गडद, नीटस, टिकली लावल्यासारखा. असा ठिपका झाडाचा नसतो, कारखान्यातल्या रसायनाचा असतो.

मला बसवेना. प्लेट पुन्हा केली. धुतलेली भांडी परत धुतली. गेटपर्यंत गेले, काही न करता परत आले. देवाशपथ, चूक माझीच निघावी असं मला नोकरीत कधी वाटलं नव्हतं. शेवटी असल्या पावडरींत हमखास मिसळतात त्या स्टिरॉइडचा शुद्ध नमुना कपाटातून काढला आणि पावडरीच्या शेजारी चालवला. दोन्ही ठिपके एकाच रेषेत जाऊन थांबले. त्या स्कूटरवाल्या मेल्याच्या तोंडात माती पडो! ते गाल, ती भूक, सगळं एकदम ध्यानात आलं. बापाचं तोंड सुजत होतं आणि मी बघून खूश होत होते.

घरी जाऊन मी बरणीच उचलली. “आजपासून बंद!” दुसऱ्या दिवशी बाबांना दाखवायला नेलं, तर डॉक्टरांनी मलाच झापलं. एकदम बंद केलीत तर माणूस कोसळेल, म्हणाले. शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं विसरलंय. साखरही वाढली होती. तेव्हा आता तेच स्टिरॉइड, पण मोजूनमापून, गोळीतून द्यायचं आणि हळूहळू उतरवत न्यायचं. गोळ्या माझ्या ताब्यात आल्या. घरात मापातलं कळणारी मीच ना!

बाबांनी ज्यांना ज्यांना पावडर सुचवली होती त्यांच्या दारात मी जाऊन आले. कोणी ऐकलं, कोणी ‘शिकलेली माणसं झाडपाल्यावर जळतात’ म्हणून पाठ फिरवली. भांडून आले. रात्री झोप नाही, दिवसा कामात लक्ष नाही.

चवथ जवळ येत होती आणि गोळी लहान होत होती. आधी बाबा उठताना हात टेकू लागले. मग भिंत धरू लागले. कुळागरात जाणं बंद झालं. एका सकाळी मी गोळी मोडताना ते म्हणाले, “चवथीपर्यंत कमी करू नको गो. गणपती घराक येवंदे, मागीर काय तां काढून घी.”

मी अंगणात जाऊन डॉक्टरांना फोन लावला. नाही म्हणाले. मी तशीच विहिरीभोवती फिरत राहिले, आणि आत आले ती चिडलेलीच. कोणावर, ते मलाही कळत नव्हतं.

“बाबा, ते पाय खरे नव्हते! त्या भेसळीनं चालवलं तुम्हाला!”

“खरे नाय कशे गो?” ते शांतपणे म्हणाले. “मीच चललंय ना त्यांनी?”

त्यांनी हात पुढे केला. मी तळव्यावर अर्धी गोळी ठेवली. पाण्याबरोबर ती घेऊन त्यांनी पेला खाली ठेवला.

“शेजाऱ्याकडे जा,” ते म्हणाले. “औंदाय गणपती तोच आणतलो काय, विचारून ये.”