काकीचं कार्ड

साठच्या दशकात मी मुंबईत कर्करोगावर काम करणाऱ्या एका डॉक्टरांच्या हाताखाली होते. पाहणीसाठी त्यांनी एक कार्ड तयार केलं होतं. माणशी एक कार्ड, कडेने छिद्रं, एकेक छिद्र एकेका सवयीचं. सवय असेल तर तिथे कात्रीने खाच पाडायची. मग गठ्ठ्याच्या त्या छिद्रातून दाभण ओवून उचललं, की खाचेची कार्डं खाली पडत. ज्यांचं कार्ड पडे, त्यांचीच तोंडं डॉक्टर तपासत. मागेल त्या इस्पितळाला ते हा नमुना हातचं न राखता देत, याचा मला अभिमान होता.

मशेरीला वेगळं छिद्र ठेवा, म्हणून मी त्यांच्या मागे लागले होते. “मशेरी म्हणजे तंबाखूच की! एक छिद्र पुरे,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाई.

कुणकेश्वरच्या धर्मशाळेत पाहणी लागली. माझी काकी त्याच गावची. मशेरी लावल्याशिवाय तिचा दिवस उजाडत नसे, आणि अलीकडे तिला साधी आमटीही झोंबायची. आमच्या कारकुनाने तिला विचारलं, “तंबाखू खाता का?”

“मी कित्याक खातलंय? तां बापयांचा काम.”

“काकी, आणि मशेरी?” मी मध्येच म्हणाले.

“ती काय खातत गो? दातांक लावतत.”

कारकुनाने कार्ड तसंच कोरं ठेवलं.

दुपारच्या एस.टी.ने डॉक्टर परतणार होते. दाभण उचललं. पुरुषांची कार्डं भराभर पडली, बायकांची दाभणालाच लटकून राहिली.

“बायकांना पुन्हा विचारायला हवं,” मी डॉक्टरांना म्हणाले.

“हेच कार्ड बाकीची इस्पितळंही वापरतात. आपण इथे वेगळं विचारलं तर कुणाचं कुणाशी जुळणार नाही.”

त्यांचं अगदीच चूक नव्हतं, म्हणून तर मी जास्त चिडले. बाहेर एस.टी.चा हॉर्न वाजला. काकी पायऱ्या उतरून घरी निघालीच होती. मी कात्री उचलली. तिच्या कार्डाला तंबाखूच्या छिद्रापाशी खाच पाडली आणि दाभण पुन्हा ओवलं.

“हे बघा, पडलं. आता तपासा.”

डॉक्टर रागाने लाल झाले, पण बॅटरी घेऊन उठले. काकीला मी हाताला धरून परत आणलं. “माका काय झालेला नाय,” म्हणत तिने आ केला. बॅटरीचा उजेड तिच्या गालाच्या आत एका जागी थांबला, तो हलेना. कंडक्टरने हाक मारली. डॉक्टरांनी वर न बघताच, गाडी जाऊ दे, अशी खूण केली.

“सगळ्या बायकांना परत बोलाव,” ते मला हळूच म्हणाले.

इतके दिवस मला हेच ऐकायचं होतं. काकी माझा हात सोडत नव्हती. “डॉक्टर काय म्हणतत गो?” ती विचारत होती. देवा, मी खोटी ठरले असते तर किती बरं झालं असतं!