थोरल्याकडचे शब्द, धाकट्याकडचे शब्द

सूर्यभान वाव्हळ गुरुजी आणि मी खैरवाडीच्या शाळेत सात वर्षं बरोबर होतो. देवगाव फाट्यावर एसटी सोडायची आणि तिथून चार मैल पायी, असं ते गाव. शाळेत शिक्षक आम्ही दोघंच. पहिली-दुसरी माझ्याकडं, तिसरी-चौथी त्यांच्याकडं. अंगानं किडकिडीत, इस्त्रीचं धोतर, कोटाच्या खिशाला दोन पेनं. कुणाशी वाद घालायचे नाहीत, पण विचारलं तर खोटं म्हणून सांगायचे नाहीत. या दुसऱ्या सवयीनंच पुढं सगळा घोळ झाला.

त्र्याहत्तर साली, वयाच्या चाळिशीत, त्यांनी बाहेरून एम.ए.ला बसायचं ठरवलं. विषय अर्थशास्त्र. उत्तरं मराठीत लिहायची मुभा होती, पण वाचायला नेमलेला मुख्य ग्रंथ इंग्रजी होता. जमिनीच्या वाटपावरचा, सहाशे पानांचा. परभणीच्या एका ओळखीच्या कारकुनानं ग्रंथालयातून आपल्या नावावर काढून तो त्यांना दिला. गुरुजींनी पहिलं पान वाचायला घेतलं आणि त्या पानावर त्यांचे अकरा दिवस गेले.

इंग्रजी त्यांना येत नव्हतं असं नाही. बी.ए. त्यांनी बाहेरूनच केलं होतं. पण या ग्रंथातलं इंग्रजी वेगळं होतं. सेलूच्या दुकानातून आणलेल्या कोशात मांजर होतं, छत्री होती, पोस्टमन होता. 'हायपॉथिसिस' नव्हता. 'ॲग्रेरियन' नव्हता. आणि हे पुस्तक लिहिणाऱ्याला या शब्दांशिवाय एक ओळ पुढं सरकता येत नव्हतं.

मोठा कोश गावात एकच होता. तो किशनराव वकिलांचा. किशनराव निजामाच्या काळात जिंतूरच्या कोर्टात वकिली करत. त्यांचा इंग्रजी-उर्दू कोश तेराशे बारा पानांचा होता. गुरुजी पोलीस ॲक्शनच्या आधी उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेले, त्यामुळं उर्दूची अडचण नव्हती. अडचण अशी होती, की किशनराव वारले होते आणि त्यांच्या दोन मुलांच्या वाटण्या झाल्या होत्या.

थोरले दिनकरराव, धाकटे दत्तराव. इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं. पण कुणाला काकणभर जास्त जाऊ नये, याबद्दल दोघं फार काटेकोर. पितळेचं घंगाळ अर्धं करता येईना म्हणून ते विकलं. झोपाळ्याच्या चार कड्या होत्या, त्या दोन-दोन वाटल्या, आणि फळी मुंजाजी सुतारानं करवतीनं कापली. कोशाची पाळी आली तेव्हा पंचांनी पानं मोजली, सहाशे छप्पन्नाव्या पानावर खूण केली आणि मुंजाजीनं पटाशी ठेवून पाठीवर हातोडी मारली. पहिला अर्धा थोरल्याला, दुसरा धाकट्याला. दोघांनी आपापला अर्धा फडक्यात बांधून देवळीत ठेवला होता.

गुरुजी आधी दिनकररावांकडं गेले. बापाचं पुस्तक कुणी वाचायला मागतंय याचं त्यांना बरं वाटलं. त्यांनी होकार दिला, पण अट घातली. पुस्तक ओसरीबाहेर न्यायचं नाही. धाकट्याचा अर्धा आणि आपला अर्धा एखाद्या टेबलावर शेजारी-शेजारी आले, तर भाऊ पुन्हा एक झाले असा बोभाटा होईल, असं त्यांचं म्हणणं. दत्तरावांनी न विचारता तीच अट घातली.

तेव्हापासून गुरुजींचा नेम ठरला. सोमवारी आणि गुरुवारी शाळा सुटल्यावर थोरल्याकडं, मंगळवारी आणि शुक्रवारी धाकट्याकडं. आधी घरी बसून ग्रंथ वाचायचा, अडलेला प्रत्येक शब्द चिठ्ठीवर लिहायचा. चिठ्ठ्या लावायचं काम त्यांच्या पत्नी मनकर्णाबाईंनी घेतलं. त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या. पण गुरुजींनी अक्षरं दाखवली आणि आठ दिवसांत त्यांनी ती दोन गटांत पाठ केली, थोरली अक्षरं आणि धाकटी अक्षरं. दोन पिशव्या शिवल्या. भाकरी टाकता टाकता चिठ्ठीकडं बघून त्या म्हणायच्या, "ह्यो धाकट्याकडचा हाय, शुक्रवारी बघा." घोटाळा फक्त 'एल' या अक्षराचा होता. पटाशी त्याच्या मधोमध गेलेली. मग 'एल'साठी तिसरी पिशवी शिवली. तिला त्या तंट्याची पिशवी म्हणायच्या.

ओसरीवर बसायचं म्हणजे चहा आला. दिनकररावांकडं गुरुजींचा कप वेगळा असायचा, बाहेरच्या कोनाड्यात पालथा ठेवलेला. गुरुजी बौद्ध. छप्पन्न साली सगळी वस्ती बौद्ध झाली, तरी कप काही कोनाड्यातून हलला नव्हता. पहिल्या दिवशी तो पुढं आला तेव्हा गुरुजींनी आपल्या पिशवीतून स्टीलचा ग्लास काढला आणि शांतपणे म्हणाले, "याच्यात वता."

ही गोष्ट दत्तरावांच्या कानावर गेली. थोरल्याचा कमीपणा दाखवायची अशी संधी ते सोडणार नव्हते. शुक्रवारी त्यांनी गुरुजींना घरातल्या कपात, बशीसकट चहा दिला आणि तो देताना दार सताड उघडं ठेवलं, रस्त्यानं जाणाऱ्यांना दिसावं म्हणून. सोमवारी दिनकररावांकडं कोनाडा रिकामा होता. घरातला कप आला, वर बिस्किटं. मंगळवारी धाकट्याकडं खुर्ची आली. गुरुवारी थोरल्याकडं हातांची खुर्ची. दिवाळीपर्यंत गुरुजी दोन्ही घरांत आत बसून जेवत होते. जे गावात वीस वर्षांत झालं नव्हतं ते चार महिन्यांत झालं. मी त्यांना म्हणालो, विद्येचा मान आहे हा. ते म्हणाले, "इद्येचा न्हाई सर. वाटणीचा हाय." आणि चिठ्ठ्या मोजायला लागले.

वर्षभर असं सुरळीत चाललं. 'ॲग्रेरियन' म्हणजे जरई, शेतीचं, 'सब्सिस्टन्स' म्हणजे गुजर-बसर, 'नेव्हरदलेस' म्हणजे ताहम. गुरुजी अर्थ मोठ्यानं वाचायचे. उर्दू कानावरून गेलेली असल्यामुळं दोघा भावांनाही ते अर्थ कळायचे आणि आपल्या अर्ध्यात काय काय माल आहे, हे त्यांच्या ध्यानात येत गेलं. दत्तराव गावात सांगायचे, पैसा आमच्याकडं, पोलीस आमच्याकडं, पाणीही आमच्याकडं. दिनकररावांनी गुरुजींकडून खात्री करून घेतली, की देव आपल्याकडं आहे. 'गॉड' 'जी'मध्ये निघाला तेव्हा त्यांनी पेढे वाटले.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात दत्तरावांनी सहज विचारलं, "गुरुजी, आमच्या अर्ध्याचा पयला शब्द कोणता हाय?"

गुरुजींनी पान उघडलं. वाचलं. "लेजिटिमेट. म्हंजी जायज. कायद्यानं खरा. खरा वारस."

दत्तराव उठले. मग त्यांनी पटका बांधला आणि चावडीकडं निघून गेले. पटाशी कुठं पडावी हे कुणाच्या हातात नव्हतं, आणि तरीही ती नेमकी तिथं पडली. बापाच्याच पुस्तकानं खरा वारस कोण ते सांगितलं, असं ते प्रत्येकाला थांबवून सांगत सुटले.

दिनकररावांनी गुरुजींना निरोप धाडला. वार मंगळवार होता, तरीही. गुरुजी गेले. दिनकररावांनी विचारलं, की जायज तिकडं आहे तर आपल्याकडं काय आहे. गुरुजींना विषय टाळता आला असता. त्यांनी टाळला नाही. 'आय' काढला, बोट खाली सरकवत नेलं आणि म्हणाले, "तुमच्याकडं इल्लेजिटिमेट हाय. नाजायज."

दुसऱ्या दिवशी सरपंच बन्सीधररावांनी दोघा भावांना आणि गुरुजींना चावडीवर बोलावलं. मीही गेलो होतो. दिनकररावांची मागणी साधी होती. धाकट्याच्या अर्ध्यातलं पहिलं पान आपल्याला मिळावं. बदल्यात ते आपल्याकडची कुठलीही दहा पानं द्यायला तयार होते, फक्त देवाचं सोडून. दत्तरावांनी नकार दिला. मग बन्सीधररावांनी गुरुजींना विचारलं, की हा शब्द मागं सरकवता येतो का. गुरुजींनी सांगितलं, क्रम अक्षरांचा असतो, तो हलत नाही. सरपंचांनी दुसरा तोडगा काढला. गुरुजींनी एका कागदावर जायज आणि एका कागदावर नाजायज लिहावं, आणि खळीनं चिकटवून दोन्ही शब्द दोन्ही अर्ध्यांत करावेत. म्हणजे दोघंही सारखे जायज आणि सारखेच नाजायज. यावर अर्धा तास खरोखर चर्चा झाली. दत्तराव म्हणाले, नाजायज ते आपल्या घरात घेणार नाहीत.

दिनकरराव उठले, आणि आम्ही सगळे त्यांच्यामागं. घरी गेल्यावर त्यांनी फडकं सोडलं, गुरुजींना ते पान दाखवायला लावलं, फाडलं आणि आंघोळीचं पाणी तापत होतं त्या चुलीत घातलं. त्यांच्या पत्नी चांगुणाबाई पाण्याला बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "येवढ्या पुस्तकात तुमाला येकच शब्द घावला का जाळायला?" दारातून दत्तराव म्हणाले, पान जाळलं म्हणजे कबूल केलं. पण थोरल्यांचा जीव हलका झाला होता. त्यांनी गुरुजींना हातांची खुर्ची दिली आणि खुशाल वाचा म्हणाले.

गुरुजी वाचायला बसले खरे, पण मला त्यांचा चेहरा आठवतो. त्या एका पानाच्या दोन्ही बाजूंनी साठ-सत्तर शब्द होते. त्यांतले त्यांनी फक्त नऊ उतरवून घेतले होते.

परीक्षा पंचाहत्तरच्या एप्रिलमध्ये परभणीला होती. गुरुजी मला बरोबर घेऊन गेले. तिसऱ्या पेपरात वीस गुणांचा प्रश्न होता. कोरडवाहू भागात जमिनीचे तुकडे का पडत जातात याची कारणं द्या, आणि शेवटी एकच शब्द, 'इलस्ट्रेट'. तो जळलेल्या पानावरचा. गुरुजींनी डोकं चालवलं. इंग्रजी पहिलीच्या पुस्तकात आतल्या बाजूला चित्रं काढणाऱ्याचं नाव असतं, त्याच्याआधी असाच काहीसा शब्द छापलेला त्यांनी पाहिला होता. म्हणजे चित्र काढायचं. एम.ए.ला चित्र का, असा प्रश्न त्यांना पडला नाही. विद्यापीठ आहे, विचार करूनच विचारलं असेल.

कारणं त्यांनी दीड पानात लिहिली आणि चित्राला पाऊण तास दिला. फळ्यावर गाय-बैल काढायचा त्यांचा हात चांगला होता. एक अख्खं शेत काढलं. मग त्याचे दोन, दोनाचे पाच, पाचाचे अकरा. शेवटच्या पट्टीत औत वळवताना बैलांचे मागचे पाय आपल्या शेतात, आणि तोंडं शेजाऱ्याच्या ज्वारीत. मधल्या बांधावर दोन माणसं, हात वर केलेली. एका कोपऱ्यात विहीर, तिच्यावर दोन मोटा, समोरासमोर. पेन्सिलीनं सावल्या दिल्या. देखरेखीचे मास्तर मागं उभे राहून बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही, ते वाकून हळूच म्हणाले, "डाव्या बैलाचं शिंग जरा मोठं झालंय." गुरुजींनी खोडून नीट केलं.

बाहेर आल्यावर त्यांनी मला प्रश्नपत्रिका दाखवली. मलाही तो शब्द माहीत नव्हता. चित्रच असणार, असं मीही म्हणालो.

निकालात गुरुजी दुसऱ्या वर्गात पास झाले. सगळ्यांत जास्त गुण तिसऱ्या पेपरात होते, एकसष्ट. तपासणाऱ्याला काय वाटलं हे कळायला मार्ग नव्हता. गावात मात्र हिशेबाची वेगळीच भानगड उभी राहिली. या यशात कुणाच्या अर्ध्याचे शब्द जास्त लागले, हे दोघा भावांना हवं होतं. गुरुजींनी मनकर्णाबाईंना विचारलं. त्यांनी दोन्ही पिशव्या जमिनीवर उपड्या केल्या, मोजल्या आणि सांगितलं, थोरल्याच्या तीनशे चौदानं जास्त भरल्या. गुरुजींनी तो आकडा कुणाला सांगितला नाही. विचारलं तर खोटं सांगायचे नाहीत, म्हणून महिनाभर ते शाळेतून मागच्या वाटेनं, ओढ्यातून घरी गेले.

सत्त्याहत्तर साली त्यांची बदली पिंगळीला झाली. तिथं रेल्वे स्टेशन होतं, परभणी जवळ होती, आणि त्यांनी औरंगाबादहून स्वतःचा मोठा इंग्रजी-मराठी कोश मागवला. मी भेटायला गेलो तेव्हा कोशाला खाकी कागद घातलेला होता. त्या जळलेल्या पानावरचे शब्द त्यांनी पहिल्या दिवशीच ओळीनं वाचून काढले होते. 'इलस्ट्रेट' म्हणजे उदाहरण देऊन स्पष्ट करणे.

मला हसू आलं. गुरुजी हसले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "मंग ते बी झालंच की त्याच्यात."

त्या नव्या कोशावर ते फारसे खूश नव्हते. सगळे शब्द एकाच जागी, कधीही उघडा. चिठ्ठी लिहायची गरज नाही, त्यामुळं शब्द ध्यानात राहत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. शिवाय अर्थ मराठीत. 'नेव्हरदलेस'ला 'तथापि' दिलं होतं, ते त्यांना कोरडं वाटायचं. ते ताहमच म्हणायचे, मुलांना शिकवतानासुद्धा, आणि पिंगळीच्या तिसरीतली पोरं बराच काळ ताहम म्हणत राहिली.

त्या दिवशी मनकर्णाबाईंनी चहा केला. गुरुजींनी दुसरा ग्रंथ घेतला होता, पाटबंधाऱ्यांवरचा. त्यात आपल्याकडच्या येलदरी धरणाचं नाव एका तळटीपेत होतं, ते त्यांनी मला बोट ठेवून दाखवलं. मग माझ्या गाडीची वेळ झाली. ते स्टेशनपर्यंत आले. गाडी उशिरा होती, म्हणून बाकावर बसून त्यांनी आठ पानं वाचली. मी शेंगा खाल्ल्या.