पाहुणे आले की चालणारी गिरणी

आमच्या ऑफिसातल्या फायली जागच्या हलत नाहीत, किस्से मात्र धावतात. सकाळी घडलेला किस्सा दुपारच्या चहापर्यंत अख्ख्या तळेगावात पोचलेला असतो. लोक पोट धरून हसतात. सांगताना मीही हसायचो. हल्ली सांगून झालं की तोंड लपवावंसं वाटतं. पण एक सांगितला की त्याला धरून दुसरा येतो, आणि मित्रमंडळी उठू देत नाहीत. तर ऐका.

आधी ऑफिस काय ते सांगतो. आपल्या भागात उद्योग यावेत, बाहेरच्यांना इथं पैसा गुंतवायचा हुरूप यावा, गावातल्या माणसालाही परवानग्यांसाठी दारोदार फिरावं लागू नये, म्हणून हा कक्ष उघडलाय. त्यात साहेब आणि मी. साहेब माणूस वाईट नाही. कामासाठी आलेल्याकडून चहासुद्धा घेत नाहीत. फक्त त्यांना कुणी नाराज झालेलं बघवत नाही. आणि काम झालेलं नसताना माणसाला खूश करायचा त्यांना एकच उपाय माहीत आहे, तो म्हणजे सत्कार. आमच्या कपाटात फायलींपेक्षा शाली जास्त आहेत. शाल आणि नारळ आणायचं काम माझं. पद तसं भारदस्त आहे, सहायक समन्वयक. बायको मला नारळवाले म्हणते.

*

मंदाताई पहिल्यांदा आल्या तो दिवस.

मंदाताई आंदर मावळातल्या, रस्ता संपतो तिथल्या गावच्या. तळेगावला एका कंपनीच्या कँटीनमध्ये स्वयंपाकाला होत्या. साठवलेल्या पैशातून त्यांनी भात भरडायची गिरणी घेतली, गावात पत्र्याची शेड घातली आणि नोकरी सोडली. गावच्या लोकांना भात भरडायला पार कान्हे गावापर्यंत यावं लागतं. एसटी मिळाली तर ठीक, नाहीतर पोतं डोक्यावर घेऊन चालायचं. गिरणी गावात आली की सगळ्यांचीच सोय. शेड तयार होती, गिरणी तयार होती. हवं होतं फक्त थ्री-फेजचं वीज कनेक्शन, तेही भातकाढणीच्या आत. मोसम हुकला की वर्ष गेलं.

आमच्या दारावर मोठ्या अक्षरात 'एक खिडकी' असं लिहिलेलं आहे. बाई बिचारी ऑफिसला बाहेरून वळसा घालून आली आणि मला म्हणाली, "भाऊ, खिडकी कुटं हाय?"

खिडकी आमच्याकडे खरंच एकच. तिच्यात साहेबांनी एसी बसवून घेतलाय, बाहेरगावच्या पाहुण्यांना उकडू नये म्हणून. मी वर एसीकडे बघितलं. त्यांनीही बघितलं.

"म्हंजी खिडकी पाव्हण्यांची," त्या म्हणाल्या. "आमी दारानं आलो तर चालंल का?"

मी खुर्ची पुढे केली. साहेबांनी अर्ज वाचला, त्यावर 'तातडीचे' असा शेरा मारला आणि मला खूण केली. मी कपाट उघडलं. गावात उद्योग आणणारी महिला म्हणून मंदाताईंचा जागच्या जागी सत्कार झाला. शाल अंगावर, नारळ हातात, फोटो निघाला. फोटो झाल्यावर त्यांनी विचारलं, "आन् लाइट?"

साहेब म्हणाले, ती येईलच.

*

आता विजेच्या खांबांचं ऐका. खांब आले. खोटं कशाला बोला, महिन्याभरात आले, आणि गावच्या फाट्यावर उतरवून ठेवले. उभे करायचे तर वाटेतल्या एका आंब्याच्या फांद्या छाटायला हव्या होत्या. वीजवाले म्हणाले, झाड रस्त्याचं, रस्तेवाल्यांना सांगा. रस्तेवाले म्हणाले, फांद्यांना आमची हरकत नाही, पण तारा कुणाच्या? आम्ही दोघांना पत्रं लिहिली. दोघांनी आम्हालाच उत्तर दिलं की हा विषय आपल्या कक्षाच्या अखत्यारीत येतो. आमच्या अखत्यारीत तर कोयतासुद्धा नाही!

मी एकदा सरळ फाट्यावर गेलो. तर खांबांवर आबा बसलेले. आबा म्हणजे मंदाताईंचे चुलत सासरे, वय झालेलं, पण नजर तेज. शेजारी आणखी चारपाच जण एसटीची वाट बघत बसलेले.

"लय चांगलं काम केलं साहेब तुमी," आबा म्हणाले. "हितं बसायला काय न्हवतं."

टोमणा होता की कौतुक, मला आजतागायत कळलेलं नाही. साहेबांनी मात्र त्याच खांबांचा फोटो मागवून प्रेझेंटेशनमध्ये टाकला. खाली लिहिलं, 'पायाभूत सुविधा थेट गावाच्या वेशीवर'. त्या वेशीवरच्या सुविधेवर आबा पाय हलवत बसलेले स्पष्ट दिसतात.

*

मग लोणावळ्याची परिषद झाली. एका रिसॉर्टच्या मोठ्या हॉलमध्ये, उद्योगाला अनुकूल वातावरण कसं तयार करावं यावर दिवसभर भाषणं. परदेशातले पाहुणे होते, मुंबईचे होते, प्रत्येकाच्या पुढ्यात चिक्कीचं पाकीट. साहेबांनी मंदाताईंना 'यशस्वी उद्योजिका' म्हणून बोलावलं होतं. तोवर त्यांच्या गिरणीचा पट्टा एकदाही फिरलेला नव्हता. मी हे साहेबांच्या कानाशी लागून सांगितलं. ते म्हणाले, यशस्वी होणारच आहेत, आज म्हटलं काय आणि उद्या म्हटलं काय.

मंदाताई स्टेजवर गेल्या, शाल-नारळ घेतलं आणि खाली येऊन माझ्या शेजारी बसल्या. पिशवीतून पहिली शाल काढून तिच्यात दुसरी गुंडाळली. माझ्याकडे बघितलंही नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात वीज गेली. हॉल अंधारला आणि पापणी लवायच्या आत परत उजळला. मागे कुठेतरी जनरेटर सुरू झाला होता. बोलणाऱ्या पाहुण्याचं वाक्यसुद्धा तुटलं नाही. सगळा हॉल खाली माना घालून ऐकत होता, एकटे आमचे साहेब छताकडे बघत होते. त्यांचा चेहरा असा उजळला की मी घाबरलोच.

परतताना गाडीत त्यांनी विचारलं, "असला जनरेटर भाड्याने मिळतो का हो?"

*

मिळतो. बेगडेवाडीचे गणपतभाऊ टेंपोवर जनरेटर घेऊन लग्नं-वरातींना जातात. परिषदेतल्या पाहुण्यांना एखादा चालता ग्रामीण उद्योग बघायचा होता, आणि साहेबांनी मंदाताईंचं नाव देऊन ठेवलेलं होतं. ठरल्या दिवशी गणपतभाऊंनी टेंपो शेडच्या मागे लावला, वायर आत घेतली, आणि पाहुण्यांच्या गाड्या वळणावर दिसल्याबरोबर खटका ओढला.

गिरणी सुरू झाली! आबांनी आपलं पोतं आणून ठेवलं होतं, त्यातलं भात वरून आत पडायला लागलं आणि खालून पांढरा तांदूळ. इंद्रायणी तांदळाचा वास शेडभर सुटला. मंदाताईंनी ओंजळ भरून तांदूळ घेतला आणि नुसत्या बघत राहिल्या. बाई हसली की कशी दिसते ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. क्षणभर मलाही वाटलं, काय वाईट आहे, चालली की नाही गिरणी?

पाहुण्यांनी फोटो काढले, चहा घेतला, गेले. गाड्या वळण उतरायच्या आत गणपतभाऊंनी वायर गुंडाळायला घेतली. त्यांना कामशेतला हळदीला पोचायचं होतं. गिरणी जागच्या जागी थांबली. आबांचं अर्धं भात आत, अर्धं पोत्यात.

आबा म्हणाले, "न्हवऱ्याला जरा थांबवा की. आमचं बी कार्यच चाललंय."

पण गणपतभाऊंचा नाइलाज होता. आबा उरलेलं पोतं दुसऱ्या दिवशी कान्ह्याला घेऊन गेले.

*

त्यानंतर पाहुणे वाढले. बघायला चालता उद्योग आहे म्हटल्यावर जो येईल त्याला साहेब आंदर मावळात धाडायला लागले. आणि गावकऱ्यांनी त्यातून आपली सोय शोधली. पाहुण्यांच्या दिवशी शेडपुढे पोत्यांची रांग लागायची. आमच्या ऑफिसात फोन यायला लागले. कनेक्शन कधी मिळणार, असं कुणी विचारत नव्हतं. विचारत होते, पाव्हणं कधी? एका बाईच्या घरी पूजा होती, तिला तांदूळ हवा होता, ती म्हणाली, जवळचं एखादं पाव्हणं असंल तर बघा की भाऊ. मी डायरी उघडून तारीख सांगितली. ती धन्यवाद म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर मी डायरीत त्या तारखेपुढे 'पूजा' असं लिहिलं.

साहेबांनी रांगेचा फोटो काढवला. खाली लिहिलं, 'स्थानिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद'.

*

एका पाहुण्यांनी मात्र नेमकं विचारलं. कारखानदार असावेत, कारण त्यांनी तांदूळ न बघता भिंतीकडे बघितलं. मीटरची जागा मोकळी होती. मला इंग्रजीत म्हणाले, बाईंना विचारा, महिन्याला विजेचं बिल किती येतं?

मी विचारलं.  एका मनाने वाटलं, सांगून टाका मंदाताई, सगळं एकदाचं सांगून टाका.

"एक रुपाया बी न्हाई," त्या म्हणाल्या.

शब्द न् शब्द खरा होता. मी जसाच्या तसा इंग्रजीत सांगितला. आणि मी पुढे काही बोलायच्या आत साहेब अभिमानाने म्हणाले, आमच्याकडे नव्या उद्योजकांना फार सांभाळतात. पाहुण्यांनी मान डोलावली. पुढे कळलं, त्यांनी आपल्या मंडळींना सांगितलं की या भागात छोट्या उद्योगाला वीज फुकट आहे.

मंदाताईंनी रात्रीच्या एसटीआधी मला फाट्यापर्यंत सोडलं. वाटेत खांब होते, त्यांच्याभोवती गवत वाढलं होतं. भात पोटरीला आलं होतं, लोंब्या फुटायच्या बेतात. त्या म्हणाल्या, "भाऊ, काढनीच्या आत हुईल का? तुमी खरं काय ते सांगा."

मी खरं काय ते सांगितलं. मला वाटत नाही, म्हणालो.

*

झालंही नाही. काढणी झाली, झोडणी झाली, भात टेंपोत भरून कान्ह्याला गेलं. पुढच्या पाहुण्यांची तारीख कळवायला मी फोन केला, तेव्हा मंदाताई म्हणाल्या, गिरणी विकली. कान्ह्याचाच एक माणूस संध्याकाळी घेऊन जाणार आहे, नेमकी पाहुण्यांच्याच दिवशी. कँटीनवाल्यांशी बोलणं झालंय, सोमवारपासून परत कामाला. मी म्हटलं, मग पाहुण्यांना नको आणायला. तर म्हणाल्या, "आना की. शेवटचं हायेत. चारदोन पोती तरी हुतील."

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, एवढी भेट होऊन जाऊ दे, पुढचं पुढे बघू. कपाटातून शाल घ्यायला सांगायला विसरले नाहीत.

पाहुणे मोठे होते. गणपतभाऊंनी खटका ओढला, गिरणी चालली, आबांसकट सगळ्यांची पोती भरडून झाली. साहेबांनी मला खूण केली. मी शाल आणि नारळ घेऊन पुढे झालो. मंदाताईंनी हाताने थांबवलं.

"माझे लय झाले सत्कार," त्या म्हणाल्या. "आज मी करनार हाय."

कोपऱ्यात ताट झाकून ठेवलेलं होतं. हळद-कुंकू, निरांजन, आणि आम्ही दिलेल्या सगळ्या शालींमधली पहिली शाल, नीट घडी घातलेली. त्या ताट घेऊन निघाल्या. साहेबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मंदाताई त्यांच्यासमोरून, माझ्यासमोरून, पाहुण्यांसमोरून पुढे गेल्या, शेडला वळसा घातला आणि टेंपोपाशी थांबल्या. त्यांच्या मागे सगळा गाव, गावाच्या मागे आम्ही.

त्यांनी जनरेटरला कुंकू लावलं. शाल पांघरली. माझ्या हातातला नारळ मागून घेतला आणि पुढ्यात ठेवला.

"हितं या गिरणीसाटी ज्यानं काम केलं," त्या म्हणाल्या, "त्याचा तेवडा राहून गेलता."

 जनरेटर शालीखाली धडधडत होता. मुख्य पाहुण्यांनी मला हळूच विचारलं, ही तुमच्याकडची प्रथा आहे का? उत्तराची वाटही बघितली नाही. त्यांनी मान लववून जनरेटरला हात जोडले.

मग साहेबांनीही जोडले.

मंदाताई गणपतभाऊंकडे वळल्या. म्हणाल्या, "करा आता बंद."